मांडवातलं विमान

दीपा मनवर विमानाच्या कामात आहे असं कळलं की दिग्रसच्या माणसाला दोनच गोष्टी सुचतात. एक तर ती पायलट असणार, नाहीतर हसत हसत चहा देणारी हवाईसुंदरी. तिसरंही काही असतं हे लोकांच्या गावीच नाही. बाजारात एखादी मावशी हटकते, "काय वं, विमान चालवते म्हणे तू?" तर दीपा पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि म्हणते, "मी नाई चालवत मावशी. चालवू द्याचं का नाई, थे मी ठरवते." मावशीला वाटतं पोरगी थट्टा करून राहिली. पण ती अगदी खरं बोलत असते.

विमान उडायच्या आधी कुणातरी एका माणसाला सही करावी लागते, की हे मी तपासलं आणि हे उडायला ठीक आहे. ती सही नसेल तर पायलट कितीही नावाजलेला असो आणि मालक कितीही गब्बर असो, ते विमान म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. या सहीचं लायसन मिळवता मिळवता माणसाची उमेदीची वर्षं निघून जातात. परीक्षा झाली की वर परीक्षा, आणि मधल्या काळात कुणाच्या तरी हाताखाली ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात. आणि एवढं करून लोक विचारणार, चहा देते का म्हणून. राग येणार नाही तर काय होईल?

दीपाचे वडील नागोराव दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. शाळा सुटली की दीपा डबा घेऊन जायची आणि बाप मशीन उघडून बसलेला असायचा, तिथंच कापसाच्या ढिगाला टेकून बसायची. नागोरावांचा एक नेम होता. मशीन ज्यानं उघडली त्यानंच ती बंद करायची, मधेच दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही. एकदा शेठनं पट्ट्यावरची जाळी न बसवताच मशीन चालू करायला सांगितली. गाड्या उभ्या होत्या, घाई होती. नागोरावांनी किल्ली खिशात घातली आणि घरी निघून आले. शेठ म्हणाला, माजला हा. नोकरी गेली. पुढं दुसऱ्या जिनिंगवाल्यानं बोलावून नेलं ही गोष्ट वेगळी, पण मधले महिने दीपाच्या आईनं, कांताबाईनं, कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. ती अजून म्हणते, "या माणसाची मान काही वाकत नाही, अन् पोट्टी नेमकी बापावर गेली."

बारावी झाल्यावर दीपा नागपूरला शिकली, मग हैदराबादला मोठ्या विमानांच्या हँगरमध्ये लागली. मोठं विमान दिवसा उडतं, म्हणून त्याची दुरुस्ती रात्री. प्रवासी घरी झोपलेले असतात तेव्हा ही माणसं पंखातल्या तेलाच्या टाकीत आडवी होऊन शिरलेली असतात, वासानं डोकं भणभणत असतं आणि बाहेरून साहेब विचारत असतो, किती वेळ. नोकरी वर्षाच्या करारावर. वर्ष संपत आलं की सगळ्यांच्या बोलण्यात आपोआप साखर यायची. दीपाच्या काही आली नाही. तरी तिला ठेवलं, कारण तिनं सही केलेलं विमान त्याच दुरुस्तीसाठी कधी परत आलं नव्हतं.

मग बातमी आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, लोहाऱ्याची एमआयडीसी मागं टाकून पुढं गेलं की जो उघडा माळ लागतो तिथल्या धावपट्टीवर, विमान चालवायला शिकवणारी एक शाळा निघते आहे. दीपानं बॅग भरली. हैदराबादचे सोबती म्हणाले, वेडी झालीस काय, तिथं काय आहे? ती म्हणाली, तिथं माझं घर आहे.

शाळा दिसायला झकास होती. वर्गात एसी, डायरेक्टर साहेबांच्या केबिनमध्ये एसी, पोरांच्या अंगावर पांढरे शुभ्र शर्ट. विमानं मात्र उघड्यावर. एका इंजिनाची, चार सीटची तीन छोटी विमानं धावपट्टीच्या कडेला दोरानं बांधलेली असायची. त्यांना छप्पर नव्हतं. शेड पुढच्या वर्षी होणार होतं. मागच्या वर्षीही ते पुढच्याच वर्षी होणार होतं. दीपानं अर्ज केले, तोंडी सांगितलं, भांडून पाहिलं. डायरेक्टर साहेब पुण्याकडचे, बोलायला मोठे गोड. म्हणायचे, "मॅडम, गरम तर सगळ्यांनाच होतं."

आता यवतमाळचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्यानं 'गरम' हा शब्द वापरूच नये. सकाळी नऊ वाजले की पत्र्यावर हात टेकवत नाही. मेकॅनिक लोक डोक्याला ओला दुपट्टा बांधून पंखाखाली सरपटतात, आणि पंखाची सावली जशी सरकते तसे तेही सरकतात. एकजण मागच्या आठवड्यात चक्कर येऊन पडला, तर त्याची अर्ध्या दिवसाची रजा लावली. केबिनमधला माणूस काचेतून हे सगळं पाहतो आणि एसीच्या गारठ्यात त्यानं ब्लँकेट मागवायची तेवढी बाकी असते.

तर त्या मे महिन्यात डायरेक्टर साहेबांनी सोहळा काढला. मुंबईहून पैसे गुंतवणारे पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर शाळेची विद्यार्थिनी एकटीनं विमान उडवणार, वरती एक फेरी मारून उतरणार, मग टाळ्या, मग जेवण. ही विद्यार्थिनी म्हणजे खुशी, दिग्रसच्याच एका कापड दुकानदाराची पोरगी. दीपाला ती ताई म्हणायची आणि विमानाला हात लावायच्या आधी तिला विचारायची. दीपाच्या मनातलं सांगायचं तर पायलटांच्या सगळ्या गोतावळ्यात तिला हीच एक पोरगी आवडत होती.

पाहुण्यांसाठी दारव्ह्याच्या सदाशिवरावांचा मांडव आला. मांडव म्हणजे असा मोठा की त्यात दोन लग्नं लागावीत. चारी बाजूंनी झालरी, खाली गालिचा, पुढच्या रांगेत सोफे, आणि कडेनं माणसाएवढे कूलर. रामलालनं तो उभा राहताना पाहिला आणि मान हलवली. रामलाल आडे हा दीपाच्या हाताखालचा सगळ्यात जुना मेकॅनिक, तांड्यावरचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "पाहुणे घटकाभर येतीन तं त्याईले मांडव. आपण बारा महिने आहो तं आपल्याले ऊन."

सोहळ्याच्या दिवशी सकाळी एवढंच बाकी होतं की दीपानं सही करायची. तीन विमानांपैकी एक इंजिनाच्या कामाला नागपूरला गेलेलं, दुसऱ्याचे उडायचे ठरलेले तास भरल्यानं तपासणीशिवाय ते हलणार नव्हतं. तिसऱ्याची मोठी तपासणी आदल्या दिवशी पुरी झाली होती. खुशी तेच उडवणार होती.

सहीच्या आधी दीपा हत्यारांचा फळा पाहते. या धंद्यातली ही जगभरची रीत आहे. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पेचकसाची आकृती फळ्यावर रंगवलेली असते आणि हत्यार त्याच्या आकृतीवरच टांगायचं. काम संपलं आणि एखादी आकृती उघडी दिसली, की हत्यार विमानात राहिलं असं धरून चालायचं. ते सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये पाना हरवला तर दुसरा आणतात. इथं हरवला तर सगळं थांबतं.

फळा भरलेला होता. तरी दीपाची नजर एका छोट्या रिंग पान्यावर अडली. तिनं तो काढून हातात घेतला. प्रत्येक हत्यारावर शाळेचा नंबर कोरलेला असतो. यावर नव्हता. पाना कोरा करकरीत, दुकानातल्या तेलाचा वास अजून येत होता.

"रामलालभाऊ, हा कुठचा?"

रामलाल बुटांकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "यवतमाळचा. काल सांजच्याले जाऊन आणला."

"अन् आपला कुठी गेला?"

"थेच तं समजून नाई राह्यलं, ताई."

मग त्यानं सगळं सांगितलं. आदल्या दिवशी भर दुपारी तो शेपटीतल्या तारा तपासत होता. विमानाचं नाक वर करायचं की खाली, हे काम पायलटच्या पुढ्यातल्या दांड्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या तारा करतात. पाना उन्हानं असा तापला होता की हातात धरवेना. म्हणून त्यानं तो शेपटीच्या पोटात सावलीला ठेवला, थंड झाला की घ्यावा म्हणून. सगळेच ठेवायचे. उन्हाळ्यात ती सवयच लागून गेली होती सगळ्यांना. तेवढ्यात त्याला इंजिनाकडं बोलावलं, आणि मागं कुणीतरी झाकण बसवून टाकलं. संध्याकाळी इंजिन चालवून पाहिलं, सगळं ठीक. मग फळ्याकडं पाहतो तर एक आकृती उघडी.

"सकाळी लवकर येऊन झाकण काढलं. हात घातला, बॅटरी मारली. नाई दिसला. म्हून वाटलं, गवतात पडला असन."

"मले काहून नाई सांगतलं?"

"कसा सांगू? पेचकस हरवला तवा पगार कापला माहा. साहेबानं पाटी लावली ना, दुसऱ्या खेपेले सरळ घरी. घरी माय बिमार हाये, ताई."

दीपा त्याच्यावर ओरडली नाही. ओरडायचं होतं ते तिनं पाटी लागली त्याच दिवशी ओरडून घेतलं होतं. हरवलं म्हणून सांगणाऱ्याला शिक्षा केली तर उद्या कुणी सांगणार नाही, लपवतील, आणि लपवलेला पाना आकाशात जाईल. हे तिनं डायरेक्टर साहेबांना त्यांच्या टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. साहेब म्हणाले होते, शिस्त पाहिजे. आता घ्या तुमची शिस्त. तिनं कोरा पाना उचलला आणि केबिनकडं निघाली.

"विमान उडणार नाई आज," तिनं आत शिरता शिरताच सांगितलं. "पाना हरवला. शेपटीत असू शकते."

साहेबांनी कोऱ्या पान्याकडं पाहिलं. "असू शकतो म्हणजे? त्यानं सकाळी बघितलं ना?"

"पाह्यलं. दिसला नाई."

"मग नाहीये. विषय संपला."

"दिसला नाई म्हणजे नाई, असं नसते साहेब. सीटा काढा लागन, बुड उघडा लागन. दिवस जाईन."

दीपाला पुण्याची भाषा चांगली येते. हैदराबादला तिनं इंग्रजीत भांडणं केली आहेत. पण डोकं सरकलं की ती दिग्रसचीच होते आणि समोरच्याला समजलं की नाही याची फिकीर करत नाही. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते म्हणाले, सही करणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही आहात. त्यांनी नागपूरच्या एका इंजिनिअरला फोन लावला आणि दीपाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम स्पीकरवर टाकला. गाडी पाठवतो, यायचं, सही करायची, संध्याकाळी जेवून जायचं. पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "पाना सापडला का?"

"सापडेल हो. किरकोळ गोष्ट आहे."

"सापडल्यावर त्याच मॅडमची सही घ्या. माझी नाही मिळणार," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्याला दीपा ओळखत नव्हती, आजवर कधी भेटलीही नव्हती. 

साहेब म्हणाले, "शोधा मग. पण पाच वाजता पाहुणे येतील तेव्हा विमान धावपट्टीवर उभं पाहिजे. नाहीतर उद्यापासून तुम्ही आणि तो रामलाल, दोघंही यायचं कारण नाही."

दीपा बाहेर आली. ऊन असं की समोरचा माळ हलताना दिसत होता. विमानाचा पत्रा तव्यासारखा. या उन्हात चार माणसांना दिवसभर त्याच्या पोटात घालायचं म्हणजे अजून एक पाना आत राहणार, नाहीतर एखादा माणूस तरी पडणार. तिची नजर मांडवाकडं गेली. सदाशिवरावांची पोरं कूलर चालवून पाहत होती आणि थंड हवेची झुळूक रिकाम्या सोफ्यांवरून वाहत होती. तिनं कुणाला विचारलं नाही. रामलालला म्हणाली, "दोर सोडा. विमान मांडवात घ्या."

रामलालला वाटलं उन्हानं ताईचं डोकं फिरलं. मग तोही मांडवाकडं पाहू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणायला हरकत नाही.

चौघांनी ढकलत विमान आणलं. सदाशिवराव आडवे आले. लग्नाच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस. "बाई, मांडवाच्या दारी घोडा येते, बँड येते. हे काय आणून राह्यल्या तुमी?"

"नवरदेव समजा."

"पंख केवढा हाये त्याचा. माहा खांब पाडान."

"म्हून तं तुमाले सांगते. तुमीच काढून द्या तो खांब."

सदाशिवरावांनी पंखाकडं पाहिलं, मग पोळलेल्या हातांवर फुंकर मारत उभ्या असलेल्या मेकॅनिकांकडं.  त्यांनी पोरांना हाक मारली. झालर वर गुंडाळली, खांब सरकवला, सोफे बाजूला ओढले. विमान झुलत झुलत गालिच्यावर येऊन उभं राहिलं, आणि कूलरची हवा पत्र्यावर आली तसा पत्रा आतून कडकड वाजला.

साहेब धावत आले. "हे काय चाललंय?"

"तपासणी," दीपा म्हणाली.

"पाहुण्यांचा मांडव आहे हा."

"हाव ना. अन् पाहुणे पाचले येतात. तवरोक आमीच पाहुणे."

साहेब बोलत राहिले आणि मेकॅनिक काम करत राहिले. सीटा निघाल्या, त्या सोफ्यांवर ठेवल्या. तळाची झाकणं निघाली. प्रत्येक पोकळीत हात, आरसा, बॅटरी. जो भाग पाहून झाला त्यावर दीपा खडूनं रेघ मारत होती. पाना काही सापडेना.

दुपारी खुशी आली. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बांधलेले. तिचे आईबाबा दिग्रसहून एसटीत बसले होते. आपलं विमान मांडवात असं फाडून ठेवलेलं पाहून ती दारातच थांबली. दीपानं तिच्यापासून काही लपवलं नाही.

"नाही सापडला तर?" खुशीनं विचारलं.

"तर नाई उडायचं."

"ताई, आमची सगळी गल्ली येणार आहे."

"येऊ दे. गल्लीनं तुले उडताना नाई पाह्यलं तं चालन. उतरताना नाई पाह्यलं तं नाई चालणार." दीपाचा आवाज एवढा कडक झाला की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. दीपाला वाईट वाटलं, पण शब्द मागं घ्यायला ती काही तयार नव्हती.

पाच वाजले. गाड्या आल्या. पाहुणे उतरले आणि मांडवात येऊन उभे राहिले, कारण बसायला जागाच नव्हती. सोफ्यांवर विमानाच्या सीटा होत्या. साहेबांनी क्षणभर घाम पुसला आणि मग म्हणाले, "आमच्या शाळेत सुरक्षेकडे किती लक्ष दिलं जातं, त्याचं हे खास प्रात्यक्षिक आहे." वा रे पठ्ठ्या. पाहुण्यांनी मोबाईल काढले. साहेब दीपाच्या कानाशी येऊन दात आवळत म्हणाले, "झालं ना शोधून? नाहीये. बंद करा आता."

खरं म्हणजे दीपाही थकली होती. विमान पुढून मागं पाहून झालं होतं. आपण उगाच ताणतो आहोत, पाना खरंच गवतात पडला असेल, असं तिच्याही मनात येऊन गेलं. तरी ती शेपटीपाशी गेली, पत्र्याला कान लावला, आणि खुशीला म्हणाली, "आत बस. सीट नाई, तशीच गुडघ्यावर बस. दांडा पुरा ओढ, पुरा ढकल. मी थांब म्हणेपर्यंत."

खुशी ओढू लागली, ढकलू लागली. शेपटीची फळी वर खाली, वर खाली. काही नाही. पाहुणे कंटाळून कुजबुजू लागले. खुशीचे आईबाबा गल्लीतल्या लोकांसोबत नुकतेच येऊन मागं उभे राहिले होते, त्यांना काहीच कळत नव्हतं. दीपानं रामलालला खूण केली, तसा त्यानं शेपटी खांद्यावर घेऊन थोडी उचलली, विमान खाली येताना झुकतं तशी. "ओढ," दीपा म्हणाली.

आत बारीकसा खट आवाज झाला. दांडा अर्ध्यावर येऊन थांबला.

खुशीनं जोर लावला. दोन्ही हातांनी लावला. दांडा हलेना. ती दांड्याकडं पाहत राहिली आणि तिच्या ओठांचा रंग गेला. वरती असती तर याच दांड्यानं तिला नाक उचलायचं होतं. मागं तिच्या आईनं नवऱ्याचा हात धरला. तिला विमानातलं काही समजत नव्हतं, पण पोरीचा चेहरा समजत होता. 

रामलालनं शेपटी दुसऱ्याच्या खांद्यावर दिली, झाकणातून खांद्यापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. किती वेळ तो तसाच चाचपत होता. मग त्यानं हात बाहेर काढला. तारेच्या चाकामागच्या बेचक्यात अडकलेला, शाळेचा नंबर कोरलेला तो छोटा रिंग पाना त्याच्या मुठीत होता. त्यानं तो दीपाच्या हातात दिला आणि तिथंच गालिच्यावर खाली बसला. 

साहेबांना सावरायला वेळ लागला, पण सावरले. पाहुण्यांना जेवणाकडं वळवून ते परत आले आणि म्हणाले, "सापडला ना? अजून उजेड आहे. बसवा आणि सही करा."

"तार घासली का पाहा लागन. सकाळी होईन."

"मिस मनवर, उद्या तुम्ही यायचं नाही. मी सांगितलंय."

"विमान मी उघडलं," दीपा म्हणाली. "बंद मीच करणार. थे झाल्यावर काढा."

सकाळी ती आली. तिच्या आधी रामलाल आलेला होता, आणि बाकीचे मेकॅनिकही आलेले होते. तार पाहिली, चाक पाहिलं, एकेक झाकण बसवलं. साहेब एक कागद घेऊन मांडवात आले. दिल्लीच्या विमान खात्याला अशी घटना कळवावीच लागते. साहेबांनी मजकूर तयार केला होता: मेकॅनिकचा निष्काळजीपणा, मेकॅनिकला कामावरून काढले.

दीपानं तो वाचला, घडी करून साहेबांच्या हातात परत दिला, आणि आपला कागद पुढं केला. काम करायला छप्पर नाही, ऊन एवढं की हत्यार धरवत नाही, म्हणून हत्यारं विमानाच्या पोटात ठेवायची सवय पडली. हरवलेलं सांगितलं तर पगार कापतात आणि घरी बसवतात, म्हणून सांगितलं नाही. हे मला माहीत असायला हवं होतं, मीही जबाबदार आहे. खाली तिची सही.

"हे पाठवलं तर शाळा बंद पडेल."

"शेड बांधलं तं नाई पडणार."

"तुम्हाला आत्ता या क्षणी काढू शकतो मी."

"काढा. अन् काहून काढलं, थे लिहून द्या. थेही दिल्लीले पाठवते." ती त्यांच्या डोळ्यांत पाहत होती. "रामलालले काढायचं असन, तं त्याचंही कारण लिहा. ऊन लागलं, हे कारण लिहा."

साहेबांनी काही लिहिलं नाही.

मग दीपानं विमानाच्या कागदावर सही केली. सहीच्या बदल्यात तिनं काही मागितलं नाही. सही म्हणजे विमान ठीक आहे, एवढंच, तिचा सौदा होत नसतो. खुशीनं विमानाभोवती फिरून प्रत्येक झाकणावर स्वतःचा हात फिरवला, आत बसून दांडा पुरा ओढला, पुरा ढकलला, पुन्हा ओढला. पाहुणे नव्हते, गल्ली नव्हती. आईबाबा रात्री तिथंच राहिले होते, ते आणि मेकॅनिक उभे होते. ती वर गेली, माळावरून एक मोठी फेरी मारली आणि जशी गेली तशी खाली उतरली. रामलाल तिच्याकडं न पाहता शेपटीकडं पाहत होता.

तोवर सदाशिवराव टेम्पो घेऊन आले होते. पोरं मांडवाच्या गाठी सोडायला लागणार, तेवढ्यात दीपा आणि मेकॅनिक तास भरलेलं दुसरं विमान ढकलत मांडवाच्या तोंडाशी आले.

"बाई, मांडव सोडाचा हाये आता."

"सोडू नका."

"किती दिवस?"

"शेड उभं राहीपर्यंत. एकही विमान आता उन्हात उघडणार नाई मी."

"अन् भाडं?"

दीपानं मान वळवून केबिनच्या दाराकडं पाहिलं. डायरेक्टर साहेब दारात उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. सदाशिवरावही त्यांच्याकडं पाहत राहिले, साहेब नाही म्हणतात का याची वाट पाहत. साहेब आत वळले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सदाशिवरावांनी कालचा तो खांब स्वतःच्या हातानं बाजूला केला. मग पोरांना म्हणाले, "गाठी आवळा रे पक्क्या. हे लगन लांबते असं दिसते."